काचेतला डोह : अल्प खर्चातील निसर्गसदृश मत्स्यालय

सर्वसाधारण घरगुती मत्स्यालयात मासे हा मुख्य विषय असतो आणि रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या ही त्यांच्याभोवतीची सजावट असते. वनस्पतिप्रधान मत्स्यालयात हा क्रम उलटा होतो. तेथे पाण्याखाली मुळे धरणाऱ्या जिवंत वनस्पती, त्यांना आधार देणारी माती, दगड व लाकूड आणि या सर्वांवर वाढणारे अदृश्य जिवाणू यांची व्यवस्था आधी उभी केली जाते आणि ती स्थिरावल्यानंतर तिला पेलतील तेवढेच मासे तिच्यात सोडले जातात. यांपैकी जे मत्स्यालय माणसाने रचलेले न वाटता एखाद्या ओढ्याच्या डोहाचा भाग वाटते, त्याला निसर्गसदृश मत्स्यालय म्हणता येईल. हा धनिकांचा छंद आहे असा समज गेल्या काही दशकांत पक्का झाला आहे, आणि दुकानांतील खास दिवे, कर्बवायूची नळकांडी व परदेशी मातीच्या पिशव्या पाहिल्या तर तो निराधार म्हणता येत नाही. तरीही या व्यवस्थेचे शास्त्र समजून घेतले म्हणजे असे दिसते की यातील बराचसा खर्च वेळ वाचवण्यासाठी केला जातो. ज्याची तीन-चार महिने थांबण्याची तयारी आहे त्याला तो टाळता येतो, आणि तो टाळल्यामुळे त्याची टाकी मूळ निसर्गाच्या अधिक जवळ जाते.

या विचाराची मुळे मत्स्यालयाच्या जन्माइतकीच जुनी आहेत. पाण्यात बुडालेली हिरवी पाने उन्हात बुडबुडे सोडतात आणि तो वायू प्राणवायू असतो, हे यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखवून दिले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने बारा गॅलनांच्या, म्हणजे सुमारे ५४ लिटर मापाच्या काचपात्रात वाळू, चिखल आणि दगड घालून व्हॅलिसनेरिया ही लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. माशांच्या श्वसनातून निघणारा कर्बवायू वनस्पती घेतील, वनस्पतींनी सोडलेला प्राणवायू मासे घेतील आणि पाणी न बदलता दोन्ही जगतील, अशी त्याची अपेक्षा होती. ती बऱ्याच अंशी खरी ठरली. मात्र काही दिवसांनी व्हॅलिसनेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टनने तेव्हा तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी पात्रात सोडल्या; त्यांनी कुजकी पाने व थर खाऊन टाकला, त्यांनी घातलेली अंडी माशांचे खाद्य बनली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. हे निरीक्षण त्याने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उत्पादक, भक्षक आणि कुजलेले पचवणारा, अशा तिन्ही भूमिका एका पात्रात असल्याखेरीज पाणी टिकत नाही, हा त्या लहानशा प्रयोगाचा निष्कर्ष आजही या विषयाचा पाया आहे. त्यासाठी त्याला विजेचे एकही साधन लागले नव्हते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे विसाव्या शतकात नेदरलँड्समधील छांदिष्टांनी पाणवनस्पतींचे ताटवे रंग व उंचीनुसार ओळीने लावण्याची शैली विकसित केली, जी आजही डच शैली म्हणून ओळखली जाते. तिचे सौंदर्य बागेचे आहे, रानाचे नाही. रानाचा आभास टाकीत आणला तो जपानमधील निइगाता येथे १९५४ मध्ये जन्मलेल्या ताकाशी अमानो यांनी. ते आधी व्यावसायिक सायकलपटू होते, नंतर निसर्गचित्रे टिपणारे छायाचित्रकार झाले आणि १९८२ मध्ये त्यांनी मत्स्यालयाचे साहित्य बनवणारी कंपनी स्थापन केली. डोंगर, अरण्य, नदीकाठ यांची रचना असममित असते, तिच्यात मोकळ्या जागेला वस्तूइतकेच महत्त्व असते आणि वय झालेल्या वस्तूंना तिथे मान असतो, ही जपानी बागकलेतील दृष्टी त्यांनी काचेच्या टाकीत उतरवली. २०१५ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, लिस्बनच्या सागरी मत्स्यालयात त्यांनी रचलेली ४० मीटर लांबीची टाकी लोकांसाठी खुली झाली. अमानो यांच्या शैलीने या छंदाला कलेचा दर्जा मिळवून दिला, यात शंका नाही. परंतु प्रखर प्रकाश, दाबाखाली भरलेला कर्बवायू आणि रोजची द्रवरूप खते यांवर ती उभी असल्याने तिच्याबरोबर खर्चही आला. त्याला प्रतिवाद म्हणावा असे पुस्तक अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. तळाशी साधी बागेची माती, तिच्यावर वाळूचा थर, पहिल्याच दिवशी दाट लावलेल्या वनस्पती, मध्यम प्रकाश आणि थोडे मासे एवढ्यावर मत्स्यालय वर्षानुवर्षे चालते, हे त्यांनी वनस्पतिशास्त्र व जलशास्त्रातील संशोधनाच्या आधारे मांडले. अल्प खर्चाचा मार्ग वॉलस्टॅड यांच्या शास्त्रातून जातो आणि रानाचे रूप अमानो यांच्या दृष्टीतून येते. या दोहोंची सांगड महाराष्ट्रातल्या घरात कशी घालता येईल, याचा विचार येथे केला आहे.

सुरुवातीच्या माणसाला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच ही टाकी सर्वांत सोयीची असते. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे आकाराने ती वॉरिंग्टनच्या पात्राएवढीच असते; माती, वाळू, दगड व काच धरून तिचे वजन सत्तर किलोच्या पुढे जाते, त्यामुळे ती हलक्या टीपॉयवर न ठेवता भक्कम, सपाट आधारावर ठेवावी लागते. काचेचे काम करणाऱ्या कारागिराकडून किंवा मुंबईत कुर्ला व क्रॉफर्ड मार्केट यांसारख्या बाजारांतून साधी टाकी घेणे नाममुद्रा असलेल्या टाकीपेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि वापरलेली टाकी तर त्याहूनही स्वस्त मिळते. मात्र ती आणल्यावर अंगणात किंवा गच्चीवर दोन दिवस पाण्याने भरून ठेवून गळती तपासणे आवश्यक असते. फार लहान टाकी घेऊन पैसे वाचत नाहीत, कारण थोड्या पाण्यात तापमान आणि दूषितता झपाट्याने बदलते आणि चूक सावरायला सवड मिळत नाही.

खरी बचत आणि खरी जोखीम मातीत असते, म्हणून तिचा विचार विस्ताराने करणे भाग आहे. दोन फुटी टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे १,८०० चौरस सेंटिमीटर असते. त्यावर अडीच सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर देण्यासाठी साडेचार लिटर, म्हणजे लहानशी बादलीभर माती पुरते. परदेशी बनावटीच्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या हेच काम करतात, परंतु त्यांतील पोषक द्रव्येही कालांतराने संपतात. महाराष्ट्रात मातीचे जे मुख्य प्रकार आढळतात, त्यांपैकी दख्खनच्या पठारावरची काळी कसदार माती पिकांसाठी उत्तम असली तरी मत्स्यालयासाठी जशीच्या तशी योग्य नसते. तिच्यातील चिकणमाती पाण्यात फुगते, थोडा धक्का लागताच ढवळून वर येते आणि तिच्यात बहुधा चुनखडीचे बारीक खडे असतात, जे पाणी अधिकाधिक जड करतात. नदीकाठची पोयट्याची माती, जिच्यात वाळू, गाळ आणि चिकण यांचे प्रमाण संतुलित असते, ती अधिक चांगली. कोकणातली जांभ्याची तांबडी माती पोषणाच्या दृष्टीने गरीब असते, पण तिच्यात लोहाचे भांडार असते, आणि पाणवनस्पतींना नेमके लोहच अनेकदा कमी पडते. तळाच्या थरात प्राणवायू कमी झाला की मातीतील न विरघळणारे लोह विरघळणाऱ्या रूपात येते आणि मुळांना ते घेता येते. याच कारणासाठी १९८० च्या दशकात जर्मनीतील मत्स्यालयतज्ज्ञ तळाच्या खडीत जांभ्याचा चुरा मिसळण्याची शिफारस करीत होते. जांभा हा खडक शास्त्राला परिचित झाला तो मलबारमधील अंगाडीपुरम येथील निरीक्षणांवरून, आणि १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव देणारा फ्रान्सिस बुकॅनन पुढे हॅमिल्टन या आडनावाने गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करणारा म्हणून अधिक प्रसिद्ध झाला. या लेखात त्याची गाठ आणखी एकदा पडणार आहे.

प्रत्यक्ष मिश्रणासाठी तीन भाग पोयटा आणि एक भाग जांभ्याची चाळलेली माती हे प्रमाण समाधानकारक ठरते. त्यात मूठभर चांगले कुजलेले गांडूळखत घालता येते, परंतु ताजे शेणखत, युरिया किंवा कीटकनाशकांचा अंश असलेली शेतातली माती मुळीच वापरू नये. मिश्रण बादलीत भिजवून, वर तरंगणारा काडीकचरा व गढूळ पाणी ओतून देऊन माती उन्हात पूर्ण वाळवावी आणि हा क्रम तीन-चार वेळा करावा. ओल्या-कोरड्या अवस्थांच्या या आवर्तनात मातीतील अर्धवट कुजलेले पदार्थ जिवाणू पचवून टाकतात, आणि ज्या अमोनियामुळे पहिल्या महिन्यात टाकीतील मासे मरतात, तो बराचसा आधीच निघून जातो. या कामाला पंधरा-वीस दिवस लागतात आणि पैसा जवळपास लागत नाही. मातीवर तीन सेंटिमीटर जाडीचा जाडसर वाळूचा थर हवा. बांधकामासाठी आता सर्रास मिळणारी क्रश सँड धारदार आणि भुकटीयुक्त असते, म्हणून ती चाळून, अनेक पाण्यांनी धुऊनच घ्यावी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे आणि मिठामुळे टाळावी. दोन्ही थर मिळून सहा सेंटिमीटरांहून जास्त जाड करू नयेत, कारण खोल मातीत प्राणवायू अजिबात पोहोचला नाही तर सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. मुळांचे जाळे पसरले की ती स्वतःच मातीत थोडा प्राणवायू सोडतात, आणि भारतातील गोड्या पाण्यात सर्वत्र आढळणारी मेलॅनॉइडिस ही शंकूच्या आकाराची गोगलगाय वाळू सतत वरखाली करते. वॉरिंग्टनचा धडा येथेही उपयोगी पडतो.

दगड आणि लाकूड यांची निवड करताना रूप आणि रसायन या दोहोंकडे पाहावे लागते. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्याच्या गुणधर्मांत फारसा फरक करीत नाही आणि ओढ्याचे रूप आणण्यासाठी त्याच्याइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही. दगड चुनखडीयुक्त आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा. लाकूड पूर्ण मेलेले, वाळलेले, साल सुटलेले आणि चीक नसलेले असावे. पेरू किंवा आंब्याच्या वाळलेल्या फांद्या व मुळे उकळून, काही दिवस पाण्यात बुडवून ठेवली की वापरता येतात. त्यांतून उतरणारा चहासारखा तांबूस रंग माशांना अपायकारक नसतो, उलट अनेक ओढ्यांचे पाणी पानगळीनंतर असेच दिसते.

रानाचा भास कशाने निर्माण होतो आणि कशाने मोडतो, हे समजण्यासाठी एखाद्या ओढ्याच्या डोहाशी बसून निरीक्षण करणे हा कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगला मार्ग आहे. पावसाळा ओसरल्यावर, साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी नितळ होते. तेव्हा असे दिसते की सर्व दगड एकाच जातीचे पण निरनिराळ्या आकारांचे असतात, मोठा धोंडा अर्धा तळात रुतलेला असतो, त्याच्या प्रवाहाविरुद्धच्या बाजूला गोटे अडकलेले असतात आणि मागच्या शांत बाजूला बारीक वाळू व पाने साठलेली असतात. काठच्या जांभळाची किंवा उंबराची मुळे वरून पाण्यात उतरतात. वनस्पती सगळीकडे नसतात. जेथे झाडांच्या सावलीतून ऊन खाली पोहोचते तेथेच त्यांचे दाट पुंजके असतात आणि बाकीचा तळ उघडा असतो. टाकीत हे सर्व आणायचे तर एकच दगड निवडून त्याचे लहानमोठे तुकडे वापरणे, सर्वांत मोठा दगड मध्यावर न ठेवता एका बाजूला रोवणे, माती मागे उंच व पुढे उतरती ठेवणे, लाकडाची टोके पाण्याबाहेर येऊ देणे आणि तळाचा किमान एक तृतीयांश भाग मोकळा सोडणे एवढे पुरते. बदामाची किंवा फणसाची, झाडावरून आपोआप गळून पडलेली तपकिरी पाने तळाशी टाकली की चित्र पूर्ण होते. त्या पानांवर वाढणारे सूक्ष्मजीव माशांच्या पिलांचे पहिले खाद्यही असतात. अल्प खर्चाच्या टाकीत बहुधा चूक होते ती हौसेपोटी सात प्रकारचे दगड आणि पंधरा प्रकारच्या वनस्पती जमवण्यात; निवड जितकी मोजकी, तितके रूप खरे.

वनस्पतींच्या बाबतीत महाराष्ट्राचे भाग्य मोठे आहे आणि त्याची जाणीव फार थोड्यांना आहे. जगभरच्या मत्स्यालयांत ज्या वनस्पती कौतुकाने वाढवल्या जातात, त्यांतील कित्येकींचे आप्त कोकणातल्या भातखाचरात तण म्हणून उपटले जातात. रोटाला, लिम्नोफिला आणि ब्लिक्सा या प्रजाती तसेच चार पाकळ्यांच्या पानाची मार्सिलिया ही नेचेवर्गीय वनस्पती खाचरांत, पाणथळ बांधांवर आणि सड्यांवरच्या डबक्यांत पावसाळ्यात सहज दिसतात. कासच्या पठारावर पर्यटक ज्यांचे गालिचे पाहायला जातात, त्या गेंद आणि सीतेची आसवे या फुलांच्या कुळांतील काही जाती मत्स्यालयाच्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जातात. सह्याद्रीच्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस ही सळसळत्या लांब पानांची वनस्पती खडकांच्या फटीत मूळ रोवून राहते, उन्हाळ्यात ओढा आटला की जमिनीखालच्या खोडाच्या आधाराने तग धरते आणि पाणी आले की पुन्हा फुटते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव हे ज्या वायतुऱ्याचे वर्णन शास्त्रापुढे ठेवणाऱ्यांपैकी एक आहेत, तो ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस १९८२ मध्ये नोंदला गेला. सातारा परिसरातील सडे हेच त्याचे माहेर आहे आणि जगात तो इतरत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

हे वाचून कुणाला पिशवी घेऊन सड्यावर जावेसे वाटले, तर या लेखाचा हेतू फसला असे म्हणावे लागेल. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून वनस्पती किंवा प्राणी काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या कक्षेबाहेरच्या सड्यावरही वायतुऱ्यासारख्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे एकाच लहान भूभागापुरत्या मर्यादित असलेल्या, वनस्पतीचा एक कंद उपटणे ही भरून न येणारी हानी असते, आणि हंगामी डबक्याची सवय असलेली ती वनस्पती बारमाही पाण्याच्या टाकीत बहुधा टिकतही नाही. स्वस्त, निर्धोक आणि दुकानांत लागवडीचीच मिळणारी अशी निवड भरपूर आहे. पाठीमागे व्हॅलिसनेरिया, हायड्रिला व हायग्रोफिला, मध्ये क्रिप्टोकोरिनच्या लागवडीच्या जाती, पुढे मार्सिलिया आणि कडेला नीरब्राह्मी, एवढ्यावर भारतीय ओढ्याचे चित्र उभे राहते. नीरब्राह्मी तर कुंडीतून थेट घेता येते. पाण्याबाहेर वाढलेली तिची पाने पाण्याखाली गळतात आणि नवी, मऊ पाने येतात. हाच बदल जवळपास सर्व पाणथळ वनस्पतींत होतो, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाने कुजताना पाहून वनस्पती फेकून देऊ नयेत. पृष्ठभागावर तरंगणारी एखादी वनस्पती आणि पाण्यात मुळे सोडलेला मनीप्लांट हे दोघे या टाकीचे मोठे आधार असतात. त्यांची पाने हवेत असल्याने त्यांना कर्बवायू हवेतूनच मिळतो, तर त्यांची मुळे पाण्यातील अतिरिक्त नायट्रोजन वेगाने शोषून घेतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात.

कर्बवायूचा प्रश्न येथेच समजून घेतला पाहिजे, कारण नळकांड्याचा खर्च त्याच्यामुळेच होतो. हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेल्या पानाभोवतीचा साठा लवकर संपतो आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. दाबाखालचा वायू सोडून ते वेगाने चालवता येते. पण मातीतील कुजण्याच्या क्रियेतून आणि माशांच्या श्वसनातून कर्बवायू सतत थोडाथोडा निर्माण होत असतो, आणि प्रकाश त्याच्या मानाने बेताचा ठेवला तर वनस्पतींना तो पुरतो. वॉलस्टॅड यांनी सुचवलेली युक्ती म्हणजे दिवा सकाळी काही तास लावून दुपारी चार तास बंद ठेवणे आणि संध्याकाळी पुन्हा लावणे; मधल्या विश्रांतीत पाण्यातील कर्बवायू भरून निघतो. दिव्यासाठी खास साधन लागत नाही. घरात वापरतात ती ६,५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, एलईडी पट्टी आणि साधा टायमर पुरेसा असतो. पहिल्या महिन्यात एकूण सहा तास आणि नंतर आठ तासांपर्यंत प्रकाश द्यावा. थेट ऊन येणाऱ्या खिडकीत टाकी ठेवली तर उन्हाळ्यात पाणी तापते आणि शेवाळ अनावर होते.

पाणी भरण्यापूर्वी ते कुठून येते हे जाणून घ्यावे. नगरपालिकेच्या नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की क्लोरीन उडून जाते. दख्खनच्या बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते आणि त्यात व्हॅलिसनेरिया व हायड्रिला आनंदाने वाढतात, कारण कर्बवायू कमी पडला तर त्या पाण्यातील बायकार्बोनेटमधून कर्ब घेऊ शकतात. मात्र बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरचेवर त्याच जड पाण्याने भरत राहिल्यास क्षार साठत जातात. पावसाचे स्वच्छ साठवलेले पाणी मिसळणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

टाकी भरल्यावरचे पहिले सहा आठवडे संयमाचे असतात. मातीतून व कुजणाऱ्या पानांतून अमोनिया बाहेर येतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो, यालाच नायट्रोजन चक्र म्हणतात. हे जिवाणू सावकाश वाढतात, परंतु पाणवनस्पती अमोनिया नायट्रेटपेक्षा अधिक पसंत करतात, म्हणून पहिल्याच दिवशी वनस्पती दाट लावणे हा या पद्धतीचा कणा आहे. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे, नंतर आठवड्यातून एकदा. तपकिरी शेवाळ येईल, मग हिरवे धागे येतील. ते हाताने काढावेत, प्रकाश कमी करावा आणि औषधे घालू नयेत. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे द्रवरूप संच ही एक खरेदी मात्र टाळू नये, कारण दोन्ही शून्यावर आल्याचे दिसण्यापूर्वी मासे सोडणे हा त्यांच्या जिवावर केलेला प्रयोग ठरतो. फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा साधा स्पंज पुरतो. भारनियमनात तो बंद पडला तरी वनस्पतींनी भरलेल्या, कमी माशांच्या टाकीला काही तास धोका नसतो, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या गुणाचे मोल यंत्रांवर चालणाऱ्या टाकीच्या मालकांना चांगले ठाऊक आहे.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पाण्यात विरघळणारा प्राणवायू २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम असतो, तर ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. त्यात रात्री वनस्पतीही श्वसनासाठी प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले तर तो इशारा समजावा. विदर्भ व मराठवाड्याच्या कोरड्या हवेत झाकण काढून पाण्यावर लहान पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान उतरते. कोकणाच्या दमट हवेत हा उपाय कमी चालतो, तेथे सावली आणि रात्रभर चालणारा एअर पंप यांवर भिस्त ठेवावी. तापवणारे हीटर मात्र किनारपट्टीवर घ्यावेच लागत नाहीत.

माशांच्या निवडीत पुन्हा हॅमिल्टन भेटतो. गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरचा त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला आणि त्यात आज झेब्रा डॅनिओ आणि हनी गुरामी या नावांनी मिळणाऱ्या दोन्ही माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. दोन्ही आकाराने लहान, शांत, स्वस्त आणि टाकीतच प्रजनन करून विकले जाणारे आहेत. आठ झेब्रा डॅनिओ आणि हनी गुरामीची एक जोडी एवढे मासे दोन फुटी टाकीला पुरतात. काटेकोरपणे पाहता ते सह्याद्रीचे रहिवासी नाहीत, आणि ज्याला शुद्ध पश्चिम घाटाची टाकी हवी त्याने पट्टेदार ॲप्लोकायलस लिनियाटस या पृष्ठभागाशी राहणाऱ्या, डासांच्या अळ्या खाणाऱ्या देशी माशाचा विचार करावा, मात्र टाकीला झाकण ठेवावे, कारण तो उडी मारतो. केरळच्या नद्यांतील लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याला बाजारात मिस केरळा म्हणतात, तो १८६५ मध्ये शास्त्राला ज्ञात झाला आणि मत्स्यालयांसाठी केलेल्या बेसुमार पकडीमुळे आज संकटग्रस्त मानला जातो. त्याच्या प्रजातीला सह्याद्रीवरून सह्याद्रिया असे नाव मिळाले आहे. तो पंधरा सेंटिमीटरांपर्यंत वाढतो, त्याला कळप आणि प्रवाह लागतो, आणि दोन फुटी टाकीत त्याला ठेवणे अन्यायाचे आहे. मासे स्थिरावल्यावर त्यांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. जास्तीचे खाद्य हे घरगुती टाकी बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

तीन-चार महिन्यांनी वनस्पती टाकीबाहेर डोकावू लागतात आणि छाटणी करावी लागते. मग पाणी बदलणे पंधरवड्यावर जाते आणि खर्च विजेचे किरकोळ बिल व खाद्य एवढाच उरतो. छाटलेल्या फांद्यांपासून दुसरी टाकी विनामूल्य उभी राहते, म्हणून त्या शेजाऱ्यांना, शाळेला किंवा नव्याने सुरुवात करणाऱ्याला द्याव्यात. उरलेल्या मात्र ओढ्यात, विहिरीत किंवा गणपती विसर्जनाच्या तळ्यात टाकू नयेत. जलपर्णीने महाराष्ट्रातल्या नद्यांची काय अवस्था केली आहे हे सर्वांसमोर आहे. डास निर्मूलनासाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतला गप्पी देशी माशांच्या डबक्यांत पसरला आहे, आणि मत्स्यालयांतून सुटलेला सकर मासा उजनीसारख्या जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. नकोसे झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या छांदिष्टाला परत द्यावेत, छाटलेल्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालाव्यात, आणि टाकीतील पाणीही नाल्यात न सोडता झाडांना घालावे.